मेसेज ठेवायचा कसा? जुन्या बीबीएसच्या फाइलींमधून एक धडा



काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची प्रमाणपत्रं छापून आली. वाटताना एक मुलगी जागेवर परत गेलीच नाही, माझ्या टेबलापाशी उभी राहिली. तिच्या नावातलं आडनाव मधेच तुटलं होतं आणि शेवटी एक रिकामा चौकोन छापला होता. "बाई, माझं नाव असं का?" मी पटकन म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक आहे गं." ती गेली, पण मला ते उत्तर टोचत राहिलं. कारण कॉम्प्युटर स्वतःहून कुणाचं नाव कापत नाही. नावासाठी किती जागा ठेवायची हे कुठल्यातरी माणसाने, कधीतरी, ठरवलेलं असतं.

हे मुलांना समजावून सांगायला मी एक जुनं उदाहरण वापरते. बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस. त्यावरचे मेसेज हार्ड डिस्कवर साठवण्याच्या चार पद्धती गाजल्या. चारही पद्धतींत साठवायची गोष्ट एकच : कुणाकडून, कुणाला, विषय काय, तारीख आणि मजकूर. पण मांडणी वेगळी, त्यामुळे सोयी वेगळ्या आणि अडचणीही वेगळ्या. अकरावी-बारावीला फाइल हँडलिंग शिकवताना "फाइल उघडा, लिहा, बंद करा" एवढ्यावर तास संपतो. खरा विषय त्याच्या पुढे आहे.

बीबीएस म्हणजे काय होतं?

इंटरनेट घरोघरी येण्याच्या आधीची गोष्ट. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत मोठं हिमवादळ झालं. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस या दोघांनी एक प्रोग्राम आणि त्यासाठीचं यंत्र जुळवायला घेतलं आणि फेब्रुवारीत ते सुरू केलं. त्याचं नाव सीबीबीएस. दुसऱ्या कुणीही आपल्या कॉम्प्युटरवरून मोडेमने फोन लावायचा, आलेले मेसेज वाचायचे, आपला लिहायचा आणि फोन ठेवायचा. आपल्या शाळेतल्या सूचना फलकासारखंच, फक्त फलकापाशी जायचं ते फोनच्या तारेतून. फोनची लाइन एक असेल तर एका वेळी एकच माणूस आत.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फायडोनेट सुरू केलं. त्यात एक बीबीएस दुसऱ्या बीबीएसला रात्री, फोनचे दर कमी असताना, आपोआप फोन लावून मेसेज पोचवायचा. १९८६ च्या सुमारास जेफ रश यांच्या इकोमेलमुळे एका गावात लिहिलेला मेसेज शेकडो गावांतल्या फलकांवर उमटू लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत फायडोनेटवर तीस हजारांहून जास्त बीबीएस होते. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, पण त्याआधीही बीबीएस होते. बंगळुरूमध्ये अतुल चिटणीस यांनी चालवलेला सीआयएक्स हा त्यातला एक.

आता अडचण लक्षात घ्या. रोज शेकडो मेसेज येतायत, हार्ड डिस्क लहान, मशीन हळू आणि फोनवर ताटकळलेल्या माणसाचं बिल वाढतंय. अशा वेळी मेसेज डिस्कवर कसा ठेवला आहे, याला फार महत्त्व येतं.

पहिली पद्धत : एक मेसेज, एक फाइल

फायडोची मूळ पद्धत सगळ्यात सरळ. प्रत्येक मेसेजची वेगळी फाइल. पहिल्या मेसेजची फाइल १ डॉट एमएसजी, दुसऱ्याची २ डॉट एमएसजी. फाइलच्या सुरुवातीला १९० बाइटचं हेडर आणि त्यानंतर मजकूर. हेडरची वाटणी अशी :

- पाठवणाऱ्याचं नाव : ३६ बाइट
- ज्याला पाठवलं त्याचं नाव : ३६ बाइट
- विषय : ७२ बाइट
- तारीख-वेळ : २० बाइट
- उरलेले २६ बाइट : दोन-दोन बाइटचे तेरा आकडे. किती वेळा वाचला, कुठल्या केंद्रातून आला, कुठे जायचा, कशाचं उत्तर आहे, वगैरे.

मुलांना बेरीज करायला लावा : ३६ + ३६ + ७२ + २० + २६ = १९०. "फॉरमॅट" या शब्दाची भीती या एका बेरजेने जाते. फॉरमॅट म्हणजे रकाने आखलेला छापील अर्ज, बस.

फायदे स्पष्ट आहेत. मेसेज पुसायचा? फाइल पुसा. एक फाइल खराब झाली तर बाकीच्यांना धक्का नाही. नवशिक्यालाही अर्ध्या तासात वाचणारा प्रोग्राम लिहिता येतो.

आणि तोटे? डॉस डिस्कवरची जागा सुट्या बाइटमध्ये देत नाही, गठ्ठ्यांत देतो. या गठ्ठ्याला क्लस्टर म्हणतात. क्लस्टर २,०४८ बाइटचा धरू. मेसेज हेडरसकट ६९० बाइटचा असला, तरी जागा २,०४८ ची जाते. असे हजार मेसेज असतील तर खरा मजकूर ६,९०,००० बाइट आणि अडवलेली जागा २०,४८,००० बाइट. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश जागा वाया. शिवाय "मला आलेले मेसेज दाखव" म्हटलं, की हजारच्या हजार फाइली एकेक करून उघडाव्या लागतात. ऑफिसात प्रत्येक अर्ज वेगळ्या पाकिटात ठेवलाय आणि पाकिटावर फक्त नंबर आहे, अशी कल्पना करा.

दुसरी पद्धत : हडसन, म्हणजे एकच मोठी वही

अ‍ॅडम हडसन यांनी क्विकबीबीएस लिहिताना उलटा मार्ग घेतला. सगळ्या विभागांचे सगळे मेसेज थोड्याच मोठ्या फाइलींत. सगळी हेडरं एका फाइलमध्ये, सगळा मजकूर दुसरीत, लहानशी सूची तिसरीत, आणि कुणी कुठपर्यंत वाचलं याची नोंद आणखी एका फाइलमध्ये.

इथे प्रत्येक हेडर बरोबर १८७ बाइटचं. त्यामुळे ५७ वं हेडर हवं असेल तर शोधाशोध नाही. आधीची ५६ ओलांडायची : ५६ × १८७ = १०,४७२. फाइलमध्ये थेट त्या बाइटवर उडी मारा, हेडर समोर हजर. सगळे रकाने सारख्या मापाचे असण्याचा हा मोठा फायदा. मजकूर २५६ बाइटच्या तुकड्यांत ठेवलेला, म्हणजे वाया जाणारी जागाही कमी.

मग घोडं कुठे अडलं? मजकूर कितव्या तुकड्यापासून सुरू होतो, हा आकडा हेडरमध्ये दोन बाइटात लिहिलेला होता. दोन बाइटात ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात, त्याहून एकही जास्त नाही. ६५,५३६ × २५६ = १,६७,७७,२१६ बाइट, म्हणजे १६ एमबी. झालं, सगळ्या विभागांचा मिळून मजकूर १६ एमबीच्या पुढे जाऊच शकत नाही. विभागही २०० च्या वर नाहीत. ज्या काळात २० एमबीची हार्ड डिस्क मोठी वाटायची, त्या काळात हे पुरेसंच होतं. पण इकोमेलचा पूर आला आणि तेच माप अपुरं पडलं. तारखेत वर्षासाठीही दोनच अंक होते. २००० साल उजाडल्यावर त्याचं काय होणार, ते मुलं स्वतःच सांगतील.

आणखी एक गोष्ट. इथे मेसेज पुसला की फक्त "रद्द" असा शेरा पडायचा, जागा मोकळी व्हायची नाही. जागा परत मिळवायला सगळी वही नव्याने उतरवून काढावी लागायची. हे काम चालू असताना लाइट गेली, तर एका विभागाचं नाही, सगळ्याच विभागांचं नुकसान होण्याची भीती.

तिसरी पद्धत : स्क्विश, म्हणजे साखळी आणि कायमचा नंबर

मॅक्सिमस हा बीबीएस लिहिणारे कॅनडातले स्कॉट डडली यांनी स्क्विश ही पद्धत आणली. इथे प्रत्येक विभागाची स्वतंत्र फाइल, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही. प्रत्येक मेसेज एका चौकटीत. चौकटीच्या सुरुवातीला आपल्या आधीची चौकट कुठे आहे आणि नंतरची कुठे आहे, हे लिहिलेलं. रेल्वेच्या डब्यांसारखं, प्रत्येक डबा पुढच्याला आणि मागच्याला जोडलेला. मेसेज पुसला की तो डबा गाडीतून सोडवून "रिकामे डबे" नावाच्या दुसऱ्या गाडीला जोडायचा. नवा मेसेज आला की आधी त्या रिकाम्यांत मावेल असा डबा आहे का ते बघायचं. वही पुन्हा उतरवून काढायची गरज फारशी पडत नाही.

पण मला स्क्विशमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आपल्या पेशातल्या माणसाला लगेच कळेल. मुलाचा हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. कुणी शाळा सोडली की खालच्यांचे नंबर वर सरकतात. पण जनरल रजिस्टरचा नंबर कधी बदलत नाही, म्हणून दाखल्यावर तोच लिहितात. स्क्विशमध्ये प्रत्येक मेसेजला असे दोन नंबर. एक रांगेतला, जो पुसापुशीनंतर बदलतो. दुसरा कायमचा, जो कधीच बदलत नाही. "मी कुठपर्यंत वाचलं" हे कायमच्या नंबरावर टिपलं, की मधले कितीही मेसेज गेले तरी वाचकाची खूण हलत नाही. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये रांगेतला नंबर हीच ओळख धरली जाते आणि एक नोंद पुसली की सगळे दुवे चुकतात. ही चूक दरवर्षी होते. तेव्हा रजिस्टरचं उदाहरण द्या, पुन्हा सांगावं लागत नाही.

चौथी पद्धत : जॅम, म्हणजे मापावर कापलेला रकाना नाही

१९९३ मध्ये होआकिम होमरिगहाउसेन, अँड्र्यू मिलनर, मॅट्स बर्च आणि मॅट्स वॉलिन या चौघांनी जॅमचे नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक विभागाच्या चार फाइली : हेडरांची, मजकुराची, सूचीची आणि कोण कुठपर्यंत वाचलं याची.

सूचीतली एक नोंद फक्त आठ बाइटची. पहिले चार बाइट म्हणजे ज्याला मेसेज आहे त्याच्या नावावरून गणित करून काढलेला एक आकडा, ज्याला सीआरसी म्हणतात. पुढचे चार बाइट म्हणजे हेडर कुठे आहे ते ठिकाण. समजा विभागातला पहिला मेसेज १ नंबरचा आहे आणि आपल्याला ५७ वा हवा आहे :

१. (५७ − १) × ८ = ४४८. सूचीत ४४८ व्या बाइटवर जा, आठ बाइट वाचा.
२. त्यातल्या ठिकाणावरून हेडरांच्या फाइलमध्ये जा, ७६ बाइटचं ठराविक हेडर वाचा.
३. त्याच्या मागोमाग असलेले पोट-रकाने वाचा. नाव, विषय वगैरे त्यांत आहे.
४. मजकूर कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे हे हेडरमध्येच आहे. मजकुराच्या फाइलमध्ये तिथे जा आणि तेवढाच वाचा.

आणि "मला आलेले मेसेज" शोधायचे असतील तर? आपल्या नावाचा सीआरसी काढा आणि सूचीशी ताडून बघा. हजार मेसेजना फक्त आठ हजार बाइट वाचायचे. आकडा जुळला तरच हेडर उघडायचं. इथे हुशार मुलं विचारतात, "दोन वेगळ्या नावांचा आकडा एकच आला तर?" येऊ शकतो. म्हणूनच आकडा जुळल्यावर हेडरमधलं खरं नाव तपासायचंच. आकडा शोध लवकर संपवतो, शेवटची खात्री मात्र नावानेच करायची.

आता पोट-रकान्यांकडे या. जॅममध्ये नावासाठी ३६ बाइटची आखलेली जागा नाही. प्रत्येक पोट-रकाना स्वतःबद्दल आधी सांगतो : मी कोण (पाठवणारा असेल तर २, घेणारा ३, विषय ६), माझी लांबी किती, आणि मग प्रत्यक्ष मजकूर. उद्या नव्या प्रकारचा रकाना आला आणि जुन्या प्रोग्रामला तो कळला नाही, तरी बिघडत नाही. लांबी वाचायची, तेवढे बाइट सोडायचे आणि पुढे जायचं. आपल्याला न समजणारी गोष्ट न फाडता बाजूला ठेवता येणं, हा गुण फाइलींमध्येही फार मोलाचा असतो.

मग त्या मुलीच्या नावाचं काय झालं?

आता फळ्यावर एक हिशेब मांडा. बीबीएसच्या काळात मेसेज बहुतेक रोमन लिपीत असत आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून ३६ बाइट पुष्कळ वाटले. आज मराठी बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ मध्ये साठवतात. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण, सगळी वेगळी चिन्हं.

"ज्ञानेश्वरी" हे नाव सुटं करू : ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र, दीर्घ वेलांटी. अकरा चिन्हं, ३३ बाइट. नावानंतरच्या मोकळ्या जागेचा एक बाइट, झाले ३४. छत्तीसातला शेवटचा बाइट "नाव संपलं" हे दाखवणाऱ्या शून्यासाठी राखलेला. म्हणजे उरला एक बाइट. आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा त्यात मावत नाही! आणि प्रोग्रामने न बघता तो एक बाइट भरलाच, तर अक्षराचा एक-तृतीयांश तुकडा तिथे बसतो. तो वाचता येत नाही, म्हणून त्या जागी छापून येतो चौकोन.

हा हिशेब मांडला तेव्हा वर्ग काही क्षण गप्प होता. मग मागून आवाज आला, "म्हणजे बाई, ज्याने रकाना आखला त्याने आपली नावं डोळ्यांसमोर ठेवलीच नव्हती." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. फायडोवाल्यांचा यात दोष नाही, त्यांच्या वेळेला त्यांचा रकाना बरोबर होता. पण आज मराठी मुलांची नावं साठवणारा प्रोग्राम लिहिताना बाइट आणि अक्षर एकच धरणं, ही चूक आहे.

प्रोग्राम करताना लक्षात ठेवायचं

- आकडा कुठल्या बाजूने लिहिलाय ते बघा. या चारही पद्धतींत लहान किमतीचा बाइट आधी येतो. दोन बाइटातला १ हा "१, ०" असा दिसतो. उलटा वाचलात तर तोच २५६ होतो.
- नाव कुठे संपतं ते बघा. एमएसजीत शेवटी शून्य असतं. हडसन पास्कलच्या वळणाचं, तिथे पहिल्याच बाइटात लांबी असते. एकाच्या सवयीने दुसरं वाचलं तर नावापुढे कचरा चिकटतो.
- लिहिण्याचा क्रम जपा. आधी मजकूर, मग हेडर, सगळ्यात शेवटी सूची. मधेच लाइट गेली तर एखादा मजकूर बेवारस पडून राहील, पण सूची कुणाला खोट्या पत्त्यावर पाठवणार नाही.
- दोघं एकदम लिहीत नाहीत ना, हे बघा. दोन फोन लाइन असलेल्या बीबीएसवर दोन माणसं एकाच वेळी लिहायची. म्हणून जॅममध्ये लिहिण्याआधी हेडर-फाइलला कुलूप लावायचा नियम आहे. काम झालं की कुलूप काढायचं.
- वरचा प्रोग्राम आणि खालची फाइल वेगळी ठेवा. डडलींनी मेसेज वाचण्या-लिहिण्याची अशी फंक्शनं करून दिली होती, की खाली स्क्विश असो वा एमएसजी, वरच्या प्रोग्रामला फरक पडत नसे.

वर्गात करून बघा

कॉम्प्युटर नसला तरी चालेल. वर्गाचे चार गट करा आणि प्रत्येकाला चौकटीच्या वहीची पानं द्या. एका चौकटीत एक अक्षर. सगळ्यांना तेच बारा मेसेज द्या. पहिला गट प्रत्येक मेसेज वेगळ्या चिठ्ठीवर लिहील. दुसरा सगळं एका मोठ्या पानावर, ठराविक मापाच्या रकान्यांत. तिसरा बाण काढून साखळी करेल. चौथा सूची, हेडर आणि मजकूर अशी तीन पानं करेल. मग एकेक काम सांगा आणि घड्याळ लावा : एका मुलीला आलेले सगळे मेसेज शोधा, पाच मेसेज पुसा, एक लांबलचक मेसेज घाला.

शेवटी, सगळे लिहीत असताना मधेच टाळी वाजवा आणि सांगा, "लाइट गेली! पेनं खाली!" आता प्रत्येक गटाने आपलं पान शेजारच्या गटाला द्यायचं. अर्धवट राहिलेल्या पानावरून शेजाऱ्यांना किती मेसेज नीट वाचता येतात, ते मोजा. माझ्याकडे या खेळाला दोन तासिका लागतात. मुलं भांडतात, हिशेब करतात आणि "सगळ्यात चांगली पद्धत कुठली?" असं विचारतात. उत्तर मी देत नाही. उलट विचारते, "तुम्हाला जास्त वेळा काय करावं लागणार आहे? वाचायचं, शोधायचं, की पुसायचं?"

पालकांसाठी एक छोटं काम. घरी मूल एखादा प्रोग्राम करत असेल, तर त्यात तुमचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मराठीत टाकून बघा. ते पूर्ण परत आलं तर शाबासकी द्या. तुटून आलं तर रागावू नका. "किती जागा ठेवली होतीस, आणि का?" एवढंच विचारा.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. तिचं प्रमाणपत्र आम्ही नंतर हाताने, शाईच्या पेनाने लिहून दिलं, पूर्ण नावाचं.